लग्नाच्या शूटला यूव्ही फिल्टर ठेवायचा की काढायचा? आणि हुडचं नेमकं काम काय?

नवा_शटर
कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर या पट्ट्यातल्या मंगल कार्यालयांतलं काम आहे. फुल फ्रेम डीएसएलआर, २४-७० एफ २.८ लेन्स, पुढं ८२ एमएमचा यूव्ही फिल्टर (अतिनील किरण अडवणारी सपाट काच) कायम लावलेला. रिसेप्शनला स्टेजच्या मागं सीरियल माळा आणि दोन्ही अंगांना पार लाइट (स्टेजचे डब्यासारखे प्रखर दिवे) असले की नवरीच्या शालूवर, कधी थेट गालावर हिरवट-निळसर ठिपके येतात. व्ह्यूफाइंडरमधून बघताना काही दिसत नाही, फोटो उघडला की दिसतात. हुड (लेन्सच्या तोंडावर बसणारं उजेड अडवायचं कडं) लावूनही जात नाहीत. दोष लेन्सचा की फिल्टरचा? फिल्टरचा असेल तर तो काढून लग्नाच्या गर्दीत लेन्स उघडी ठेवणं शहाणपणाचं आहे का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

टॉवरखाली
व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही आणि फोटोत येतं, या तुमच्या एका वाक्यातच उत्तर आहे. लेन्सच्या आतल्या काचांमुळं येणारा फ्लेअर (फोटोत उमटणारा नको असलेला उजेड) डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये बहुतेक वेळा दिसतो. तुमचा ठिपका सेन्सरवरून येतोय. सेन्सरची काच आरशासारखी चकचकीत असते. स्टेजवरचा दिवा तिच्यावर पडतो, त्यातला थोडा उजेड लेन्समधून उलटा बाहेर जातो, पुढच्या सपाट फिल्टरवर आपटून परत आत येतो आणि सेन्सरवर त्या दिव्याची दुसरी, फिकी प्रतिमा उमटते. फोटो निघेपर्यंत सेन्सर आरशामागं झाकलेला असतो, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये ती दिसायचं कारणच नाही. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट चित्र) लावून बघा, दिसेल.

ओळखायची खूण सोपी आहे. फोटोच्या मध्यबिंदूतून रेघ ओढा. दिवा डावीकडं वर असेल तर ठिपका तितक्याच अंतरावर उजवीकडं खाली असतो. शालूवर आणि गालावरच का पडतो, तेही यातून कळतं: माळा फ्रेमच्या वरच्या अर्ध्या भागात असतात आणि जोडपं खालच्या अर्ध्यात.

लेन्सची स्वतःची पुढची काच बहुतेक वेळा फुगीर असते, ती असा उजेड पसरवून टाकते. फिल्टर मात्र अगदी सपाट, त्यामुळं तो नेमका परत पाठवतो. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. फिल्टरला असे दोन पृष्ठभाग, म्हणजे साधारण ८ टक्के. चांगल्या मल्टिकोटेड (परावर्तन कमी करणारे थर दिलेल्या) फिल्टरला हे प्रमाण प्रत्येक पृष्ठभागामागं अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. ठिपका तिथंही येतो, फक्त इतका फिका की सहसा खपून जातो. गडद पार्श्वभूमीवर प्रखर एलईडी असेल तर तोही दिसतो.

घरी तपासून बघा. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लावून दोन-तीन मीटरवर ठेवा. २४ एमएम, एफ ८, आयएसओ ८००. टॉर्च फ्रेमच्या डाव्या वरच्या कोपऱ्याकडं घ्या आणि एक फोटो फिल्टरसह, एक फिल्टर काढून घ्या. कॅमेरा स्टँडवरून हलवू नका, नाहीतर तुलना होणार नाही. एफ ८ अशासाठी की छिद्र लहान केलं की ठिपक्याची कड ठळक होते.

दुकानात फिल्टर घेताना ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात बघायचं. पांढरं लख्ख दिसलं तर कोटिंग नाही. मंद, हिरवट किंवा जांभळट दिसलं तर मल्टिकोटेड. पाकिटावर काय छापलंय यापेक्षा हे बघा.

राजारामपुरी_८५
आणि हुड लावूनही जात नाही याचं कारण म्हणजे हुडचा या ठिपक्याशी संबंधच नाही. हुड अडवतो तो फ्रेमच्या बाहेरून तिरका येणारा उजेड. तुमचा दिवा फ्रेमच्या आत आहे.

हळद_ते_वरात
यूव्ही फिल्टरचं मूळ काम फिल्मच्या काळातलं. फिल्मला अतिनील किरण लागायचे आणि डोंगरावरच्या फोटोत निळसर धूसरपणा यायचा. डिजिटल सेन्सरच्या पुढं ते अडवणारी काच आधीच बसवलेली असते. त्यामुळं आज यूव्ही फिल्टर म्हणजे फक्त राखणदार. त्याला राखणीच्या वेळीच उभा करावा. आपल्याकडच्या लग्नात ती वेळ कधी येते ते विधीवार बघू.

हळदीला फिल्टर हवाच. ओली हळद, तेल, पाणी, वर शेवटी पाहुण्यांची एकमेकांना हळद फासायची झुंबड. हळदीचं बोट लेन्सच्या काचेवर घासलं तर पुसताना काठाच्या खाचेत पिवळा रंग बसतो. फिल्टर असेल तर तो काढून नळाखाली धरता येतो.

मंगलाष्टकांना फिल्टर नको, हुड हवा. अक्षता आपल्या मागून आणि वरून येतात, हुडच्या ओठावर आपटून खाली पडतात. तांदळाच्या दाण्यानं पुढच्या काचेला काही होत नाही. दाणे हुडच्या आत अडकतात तेवढंच, कॅमेरा खाली वाकवून झटकले की झालं. इथं फिल्टर नको म्हणतोय कारण दुपारच्या मुहूर्ताला बऱ्याच कार्यालयांत स्टेजमागच्या खिडक्या किंवा बाजूचं दार उघडं असतं. त्या प्रखर उजेडात स्वस्त फिल्टर चित्रावर पांढरट पडदा आणतो आणि अंतरपाटाचा पांढरा नि चेहऱ्याचा सावळा यांतला फरकच मरतो.

लाजाहोमाला जवळून काम करत असाल तर फिल्टर लावा. तुपाच्या धुराची तेलकट काजळी काचेवर बसते, डोळ्याला दिसत नाही, पण पुढच्या तासाभराच्या फोटोंमध्ये दिव्यांभोवती धुकं येतं. टेली लेन्सनं लांबून घेत असाल तर गरज नाही.

वरातीला फिल्टर आणि हुड दोन्ही. गुलाल, फेसाचे फवारे, कागदी पाकळ्यांच्या तोफा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोल्ड फायर. नावात कोल्ड असलं तरी ते धातूचे तापलेले कण असतात, ग्राइंडरच्या ठिणगीसारखे काचेला टोचतात आणि बारीक खड्डा कायमचा राहतो. फटाक्यापासून तीन मीटर लांब राहायचं, आणि राहता येत नसेल तर फिल्टरशिवाय जायचं नाही.

रिसेप्शनला फिल्टर काढून खिशात. तुमचा प्रश्न तिथंच सुटतो.

गुजरी_मॅक्रो
हळद_ते_वरात यांच्याशी बहुतेक सहमत, पण ही काढ-घाल प्रत्यक्षात जमत नाही हेही लिहायला हवं. मुलगी बोहल्यावर येतीय आणि फोटोग्राफर कोपऱ्यात फिल्टरची कडी फिरवत बसलाय, हे परवडत नाही. घाईत फिल्टर तिरका बसतो, आटे खराब होतात, काचेवर बोटाचे ठसे उठतात. माझा आग्रह असा की एकच पण उत्तम मल्टिकोटेड फिल्टर घ्यावा आणि दिवसभर राहू द्यावा. दहा ठिपके एडिटिंगला पुसणं सोपं आहे, लेन्सची पुढची काच बदलणं नाही.

टॉवरखाली
गुजरी_मॅक्रो, माळेला चाळीस दिवे असतात, ठिपकेही चाळीस येतात. ते पैठणीच्या जरीवर पडले की पुसताना नक्षी जाते. आणि व्हिडिओत कसे पुसणार? कॅमेरा हलला की ठिपके उलट्या दिशेनं पळतात, पाहुण्यांनासुद्धा खटकतात.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. त्यावर मॅग्नेटिक फिल्टर बरा उपाय आहे. कडी लेन्सवर स्क्रूनं कायम बसवायची, काच चुंबकानं चिकटते आणि एका हातानं निघते. दोन गोष्टी पाहून घ्या. कडीमुळं दोन-तीन मिलिमीटर जाडी वाढते, तर २४ एमएमला कोपरे काळे होतात का ते पूर्ण उघड्या छिद्रावर तपासा. दुसरं, बाजूनं धक्का बसला की चुंबकाचा फिल्टर सटकतो. हुड लावलेला असला तर तो धक्का हुड झेलतो, त्यामुळं वरातीत मॅग्नेटिक फिल्टर हुडशिवाय वापरू नये.

राजारामपुरी_८५
हुडबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण अर्धी मंडळी हुड उलटा लावूनच अख्खं लग्न काढतात. उलटा हुड म्हणजे फक्त झूम किंवा फोकसची कडी झाकणारं प्लास्टिक.

पाकळीचा हुड म्हणजे गोल नळकांडं, त्यातून आयताकृती फ्रेमचे कोपरे कापून काढलेले. फ्रेम आडवी रुंद असते म्हणून वरच्या-खालच्या पाकळ्या लांब, डाव्या-उजव्या आखूड. खूण जुळवून टक असा आवाज येईपर्यंत फिरवला नाही, तर लांब पाकळी कोपऱ्यात घुसते आणि २४ एमएमच्या फोटोत काळा तुकडा येतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तो लक्षात येत नाही, अल्बमच्या दुपानी पानावर येतो. जुन्या हुडचे दात झिजले की गर्दीत खांदा लागूनही तो फिरतो. तात्पुरतं म्हणून काळ्या कापडी टेपची एक पट्टी सांध्यावर लावा, पण झिजलेला हुड बदलायलाच हवा.

२४-७० सारख्या झूमचा हुड २४ एमएमच्या कोनासाठी कापलेला असतो. तुम्ही ७० वर गेलात की दृश्याचा कोन आवळतो, पण हुड तेवढाच आखूड राहतो. स्टेजच्या वर ट्रसवर (दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्यावर) पार लाइट असतील तर ७० एमएमला त्यांचा उजेड खुशाल काचेवर पडतो आणि नवरदेवाच्या काळ्या सूटचा राखाडी होतो. अशा वेळी डावा हात किंवा लग्नपत्रिकेएवढा काळा कार्डबोर्ड लेन्सच्या वर धरायचा. लेन्सच्या पुढच्या काचेवर कार्डाची सावली पडली की थांबायचं, फ्रेममध्ये कार्ड दिसलं की थोडं मागं. काही जुन्या २४-७० लेन्स २४ वर लांब होतात आणि ७० वर आत जातात. त्यांचा हुड बाहेरच्या नळीवर बसतो, त्यामुळं ७० वर आपोआप जास्त सावली मिळते. ही रचना आजच्या बहुतेक लेन्सना नाही.

५० आणि ८५ च्या प्राइमना (झूम नसलेल्या लेन्सना) गोल हुड पुरतो, आणि ७०-२०० चा लांब हुड तर काढायचाच नाही. गर्दीत अडतो म्हणून तो काढला की सगळ्यात आधी स्टेजसमोरचा व्हिडिओवाल्याचा एलईडी लेन्समध्ये घुसतो.

एक सावधगिरी. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशचं तोंड सरळ पुढं असेल आणि मोठा हुड लावून २४ वर जवळचा ग्रुप घेत असाल, तर फोटोच्या खालच्या कडेला अर्धगोल सावली येते. कॅमेऱ्याच्या अंगातल्या छोट्या फ्लॅशला तर हमखास. फ्लॅश छताकडं वळवून उजेड तिथून परतवत (बाउन्स) असाल तर प्रश्न नाही. फक्त कार्यालयाचं छत पत्र्याचं, उंच किंवा रंगीत कापडानं झाकलेलं असेल तर बाउन्स उपयोगाचा नाही.

नवा_शटर
पडण्या-आपटण्यात फिल्टर जास्त वाचवतो की हुड?

राजारामपुरी_८५
हुड. प्लास्टिक वाकतं, धक्का खातं, फार तर तुटतं. फिल्टरची काच पातळ असते, समोरून मार बसला की फुटते आणि तिचेच तुकडे मागच्या काचेवर ओरखडे काढतात. लेन्सची पुढची काच फिल्टरपेक्षा कितीतरी जाड असते. पाऊस, धूळ, तेल, ठिणगी यांसाठी फिल्टर, आपटण्यासाठी हुड, असं वाटून घ्या.

पावसावरून आठवलं. कॅननच्या काही एल मालिकेतल्या लेन्स, जसं १७-४० एफ ४ किंवा ५० एफ १.२, समोर फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण सीलबंद होत नाहीत, हे कंपनीच सांगते. वळवाच्या दिवसांत उघड्यावरचा मांडव असेल तर अशा लेन्सवर फिल्टर काढू नका.

पंचवीस_फ्रेम
व्हिडिओच्या बाजूनं लिहितो. आमच्याकडं हुड-फिल्टरचा वाद थोडा वेगळा आहे, कारण दिवसा एनडी फिल्टरशिवाय (उजेड कमी करणाऱ्या गडद काचेशिवाय) चालतच नाही.

हिशेब असा. सेकंदाला २५ फ्रेम, तर शटर १/५० सेकंद. कडक उन्हात आयएसओ १००, एफ १६ ला शटर साधारण १/१०० लागतो. एफ २.८ म्हणजे त्यापेक्षा ५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उघडं, आणि १/५० चा आणखी १. झाले ६ स्टॉप, म्हणजे एनडी ६४. लॉगमध्ये (नंतर रंग दुरुस्त करायच्या फिक्या प्रोफाइलमध्ये) शूट करत असाल आणि तुमच्या कॅमेऱ्यात लॉगचा आयएसओ ८०० पासून सुरू होत असेल, तर आणखी ३ स्टॉप. म्हणजे ९. बाजारातले बरेच व्हेरिएबल (फिरवून गडदपणा बदलणारे) एनडी ५ किंवा ६ स्टॉपपर्यंतच धड चालतात. व्हेरिएबल म्हणजे आत दोन पोलरायझर एकमेकांवर फिरतात. शेवटच्या टोकाला नेले की वाइड लेन्सवर चित्रात काळी फुली येते. ९ स्टॉपसाठी एक स्थिर एनडी ८ आणि वर व्हेरिएबल, किंवा लॉग सोडून द्या. एखाद्याची हळद दुपारी बाराला अंगणात असली, तर लॉगच्या हट्टापेक्षा साधं प्रोफाइल आणि बरोबर एक्स्पोजर केव्हाही चांगलं.

व्हेरिएबल एनडीवर बरेचदा हुड बसत नाही, कारण त्याची पुढची कडी जास्त रुंद असते. तिथं हात किंवा कार्ड हाच हुड.

आता ब्लॅक मिस्ट, म्हणजे चित्र मऊ करणारा फिल्टर. दिव्यांभोवती मऊ आभा येते, चेहऱ्याची कडक कड विरघळते, म्हणून सध्या प्रत्येकाला हवा असतो. त्याची तीव्रता १/८ घ्या, १/४ नको. लेन्स जितकी लांब तितका परिणाम वाढतो: २४ वर १/४ बरा वाटेल, तोच १३५ वर दुधाळ होतो. मागं मोठी एलईडी वॉल पेटलेली असेल तर मिस्ट लावूच नका. वॉलचा उजेड पसरून चेहऱ्यावर येतो आणि काळा रंग काळा राहत नाही. स्मोक मशिन सुरू असेल तेव्हाही काढा. कॅमेऱ्यात घेतलेला मिस्ट नंतर निघत नाही. कोणता विधी मिस्टवर आणि कोणता साधा हे दोन्ही कॅमेऱ्यांनी आधी ठरवा, नाहीतर एकाच सप्तपदीचे दोन शॉट जुळत नाहीत.

पन्हाळा_धुकं
प्री-वेडिंगवाल्यांसाठी पोलरायझरचं. पन्हाळ्यावर पावसाळ्यात पानं, ओले दगड, तटाच्या काळ्या चिऱ्यांवरची चकाकी काढायला सीपीएलसारखं (म्हणजे हाच पोलरायझर) दुसरं काही नाही. एडिटिंगमध्ये हे होत नाही, कारण चकाकीखालचा रंग फाइलमध्ये आलेलाच नसतो. किंमत म्हणून दीड-दोन स्टॉप उजेड जातो. आभाळ गडद हवं असेल तर सूर्य तुमच्या खांद्याच्या बाजूला, ९० अंशांत हवा. २४ एमएमपेक्षा रुंद गेलात तर आभाळाचा एक पट्टा गडद आणि बाकी फिकं, असं भगदाड पडतं.

लग्नाच्या दिवशी मात्र जपून. सोन्याची झळाळी सीपीएलनं जात नाही, धातूवरचं थेट परावर्तन पोलराइज झालेलं नसतं. कोल्हापुरी साज, ठुशी चमकत राहतील. पण नथीच्या मोत्यांचं पाणी उतरतं, रेशमाची लकाकी मरते आणि चेहरा मातकट दिसतो. ज्या शालूसाठी घरच्यांनी एवढी धावपळ केली, त्याचाच तजेला आपण घालवायचा नाही.

एक जागा अशी की जिथं लग्नातही सीपीएल हवाच: पाठवणीला गाडीत बसलेली मुलगी. काचेवर झाडं-आभाळ दिसत असतं, आतला चेहरा दिसत नाही. काचेच्या समोरासमोर उभं राहून काही होत नाही. काचेच्या पृष्ठभागाशी ३०-३५ अंशांचा तिरका कोन घ्या, मग कडी हळूहळू फिरवा, प्रतिबिंब विरतं. पुढच्या काचेतून जमलं तर उत्तम. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन केलेल्या असतात, त्यांच्यात सीपीएलमुळं ठिपक्यांची किंवा इंद्रधनुषी पट्ट्यांची जाळी उमटते.

उन्हात फ्लॅशनं भरणा करायचा असेल तर एनडी १६. एफ २.८, आयएसओ १०० ला १/३२०० लागणारं ऊन ४ स्टॉपनं १/२०० वर येतं, म्हणजे फ्लॅश साध्या सिंकमध्ये (शटर पूर्ण उघडं असतानाच पेटून) चालतो. हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅशची ताकद फार पडते आणि रीसायकल व्हायला वेळ लागतो.

गुजरी_मॅक्रो
पंचवीस_फ्रेम, डीजेच्या लेझरबद्दलही लिहा. बरेच जण समजतात की फिल्टर लावला की सेन्सर वाचतो.

पंचवीस_फ्रेम
नाही वाचत. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका पडू शकतो. यूव्ही फिल्टर काच आहे, लेझर आरपार जातो. एनडीवरही भरवसा ठेवू नका. झोताच्या रेषेतून बाजूला व्हा. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर रेकॉर्डिंग नसतानाही सेन्सर उघडा असतो, तेव्हा कॅमेरा गळ्यात लटकवला असला तरी टोपण लावा.

नवा_शटर
टॉर्चची चाचणी केली. फिल्टरसह ठिपका बरोबर विरुद्ध कोपऱ्यात आला, काढल्यावर गेला. हुडनं दोन्ही वेळा फरक पडला नाही. लेन्स निर्दोष आहे, मनापासून आभार. ठरवलंय ते असं: हुड कायम, फिल्टर हळद-होम-वरातीला. आता ८५ एमएम लेन्सवरचा ६७ एमएमचा दुसरा फिल्टर काढायला गेलो तर निघतच नाही. पक्कड लावू का? आणि हळदीनंतर फिल्टर पुसायचा कसा?

हळद_ते_वरात
पक्कड अजिबात नको. दोन बाजूंनी दाबलं की कडी लंबगोल होते आणि आणखी आवळते. बोटांनी घट्ट धरल्यावरही तेच होतं. रबरी स्लीपरचा स्वच्छ धुतलेला सपाट तळ फिल्टरच्या कडीवर पूर्ण टेकवा, हलका दाब द्या आणि डावीकडं फिरवा. दाब सगळीकडं सारखा बसतो म्हणून निघतो. नाही निघाला तर कडीभोवती रुंद रबरबँड गुंडाळून पुन्हा. तरीही नाही, तर प्लास्टिकचे फिल्टर पाने मिळतात, दोनाची जोडी. ज्यांच्याकडं एकावर एक दोन फिल्टर अडकलेत त्यांना दोन्ही लागतात. बसवताना आधी उलटं, डावीकडं फिरवायचं, आटा जागेवर बसल्याची हलकी टिक जाणवली की उजवीकडं, आणि टेकला की थांबायचं. पितळी कडीचे फिल्टर ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकतात.

पुसण्याचा क्रम मोडू नका. लेन्स खाली तोंड करून ब्लोअरनं हवा मारा, मग मऊ ब्रश, मग कापड. गुलाल किंवा तांदळाची कणी असताना आधी कापड लावलं तर तुम्हीच काचेवर घासताय. तेलकट हळदीला लेन्स क्लीनरचे दोन थेंब मायक्रोफायबरवर घ्या, काचेवर कधीच ओतू नका, कडेनं आत उतरतं. मधून बाहेरच्या दिशेला गोल फिरवत पुसा. उपरण्याच्या टोकानं पुसायचा मोह आवरा, त्यात अक्षतांची कुंकवाची पूड असते.

एसी हॉलमधून बाहेर दमट हवेत आलात आणि काच धुकटली, तर पुसू नका, आपोआप जाऊ द्या. आणि पावसाळ्यात ओला फिल्टर लेन्सवरच ठेवून बॅग बंद करू नका. फिल्टर आणि काचेच्या मधली दमट हवा बुरशीला फार आवडते. रात्री घरी गेल्यावर फिल्टर वेगळा, लेन्स वेगळी, ड्राय बॉक्समध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रतेला.

नवा_शटर
स्लीपरनं निघाला. कडीवर ओरखडाही नाही. २४-७० चा हुड पण बघितला, दात झिजलेत, जरा ढकलला की फिरतोय. उद्या शाहूपुरीत नवा बघतो.